हुकमाविना नियम

ईमेलवर पाठवणाऱ्याचं म्हणून जे नाव दिसतं, ते पाठवणाऱ्याने स्वतःच लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, हे पाहण्याची सोय ईमेलच्या मूळ नियमांत नाही. बँकेच्या नावाने येणारी 'आजच केवायसी करा, नाहीतर खातं बंद' ही धमकी, मालकाच्या नावाने अकाउंटंटला येणारं 'ताबडतोब एवढे पैसे पाठव' हे फर्मान, ही सगळी ठकबाजी ज्या फटीतून आत शिरते ती फट ऑगस्ट १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात लिहिलेल्या एका दस्तऐवजात आहे. दस्तऐवजाचं नाव आरएफसी ८२१, लेखक जॉन पोस्टेल. पोस्टेल निष्काळजी मुळीच नव्हते. पण ज्या नेटवर्कसाठी ते लिहीत होते त्यावर उणेपुरे काहीशे संगणक होते, ते विद्यापीठांचे, संशोधनसंस्थांचे आणि लष्कराचे होते, आणि ते सांभाळणारे बरेचसे लोक एकमेकांना नावाने ओळखत. तिथे कोणी खोट्या नावाने पत्र टाकलं असतं तर फोन करून त्याची खरडपट्टी काढता आली असती.

आज तेच नियम, बऱ्याच डागडुजीनंतर का होईना, जगभरची पत्रं वाहतात. हे असं कसं झालं आणि ते बदलणं इतकं जड का जातं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो तंत्रज्ञांपुरता आहे असं मला वाटत नाही. ज्या नियमांखाली आपण रोज पत्रं पाठवतो, पैसे भरतो, दाखले काढतो, ते नियम कोणत्याही विधिमंडळाने केलेले नाहीत आणि ते मोडले म्हणून कोणाला दंड होत नाही. तरीही ते पाळले जातात, आणि कित्येक कायद्यांपेक्षा अधिक इमानाने पाळले जातात.

हे नियम करतं कोण, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादं सरकारी खातं किंवा संयुक्त राष्ट्रांची एखादी शाखा येते. सुरुवात केली ती विद्यार्थ्यांनी. १९६९ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं पहिलं टिपण लिहिलं. ज्या मित्रांकडे तो उतरला होता त्यांची झोपमोड नको, म्हणून रात्री न्हाणीघरात बसून. हे काम आपल्याकडे कोणी रीतसर सोपवलेलं नाही, उद्या बडी मंडळी येतील आणि आपल्याला बाजूला सारतील, अशी त्या पोरांना धाकधूक होती. म्हणून टिपणांना त्याने 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' असं नमतं घेणारं नाव दिलं. आरएफसी हे त्याचंच आद्याक्षरी रूप. बडी मंडळी काही आली नाहीत. टिपणांचा क्रमांक आता नऊ हजारांच्या पुढे गेला आहे. त्यातलं ११४ वं टिपण एका भारतीयाचं: आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी १९७१ च्या एप्रिलमध्ये फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचा प्रोटोकॉल लिहिला, तो आपण एफटीपी म्हणून ओळखतो. ईमेलला स्वतःचा प्रोटोकॉल मिळेपर्यंत अर्पानेटवरची पत्रं याच एफटीपीच्या पाठीवर बसून जात.

पुढे जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगोत २१ जण जमले आणि हे नियम ठरवणारी आयईटीएफ नावाची, म्हटलं तर संस्था आणि म्हटलं तर जत्रा, उभी राहिली. तिला सभासदत्व नाही. मतदान नाही. एखाद्या मुद्द्यावर सभागृहाचा कल पाहायचा असेल तर अध्यक्ष सांगतो, ज्यांना पटतंय त्यांनी तोंड मिटून गुणगुणा. मग ज्यांना पटत नाही त्यांनी. हात वर केले की लोक मोजायला लागतात, आणि मोजलं की आपली माणसं भरून आणण्याची सवय लागते, म्हणून हा खटाटोप. बहुमताला महत्त्व नाही, आक्षेपाला उत्तर मिळालं की नाही याला आहे. एकट्यादुकट्याचा आक्षेपही खरा असेल तर गाडं अडलं पाहिजे, असा दंडक.

या पद्धतीची तारीफ आजवर इतकी झाली आहे की मला थोडी कुरकुर करावीशी वाटते. दरवाजा उघडा आहे हे खरं. पण वर्षातून तीन वेळा निरनिराळ्या देशांत भरणाऱ्या बैठकांना जाऊन, मधल्या काळात शेकडो पत्रांचा फडशा पाडून, एकाच मसुद्याच्या मागे चार-चार वर्षं चिकाटीने राहणं कोणाला परवडतं? ज्याचा पगार त्यासाठीच निघतो त्याला. मसुद्यांवरच्या लेखकांच्या नावांपुढे कंपन्यांची नावं असतात. आयईटीएफमध्ये प्रत्येक जण स्वतःच्या नावाने बोलतो, कंपनीच्या नाही, असं मानलं जातं. हा संकेत चांगला आहे, पण तो संकेतच आहे.

नियम पाळले का जातात, याचं उत्तर मात्र साधं आहे. न पाळणाऱ्याशी कोणी बोलू शकत नाही. आणि नेमक्या याच कारणाने ते बदलता येत नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी जुनं टाकून नवं घ्यावं, असं या इतिहासात नेटवर्कभर एकदाच घडलं: १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी घेतलं. तयारीला वर्षभराहून अधिक वेळ मिळूनही अनेकांची तारांबळ उडाली. ते काहीशे संगणक होते. त्यानंतर तसा दिवस ठरवणं कोणालाच शक्य राहिलं नाही. आयपीचे सुमारे ४३० कोटी पत्ते पुरणार नाहीत हे दिसताच १९९५ मध्ये आयपीव्ही६ चा मसुदा निघाला. तीन दशकं उलटून गेली, तरी जुनं आयपी चालूच आहे आणि दोन्ही शेजारीशेजारी नांदतायत. नवा नियम आला की जुना निवृत्त होत नाही, हे लक्षात ठेवून पुढची प्रकरणं वाचावीत.

ईमेलचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम होऊ दिलं. आरएफसी ८२१ उघडलं की सुरुवातीलाच एक नमुना संभाषण भेटतं. 'अल्फा' संगणकावरचा स्मिथ 'बीटा' वरच्या जोन्स, ग्रीन आणि ब्राउन यांना पत्र पाठवतोय. पाठवणारा संगणक म्हणतो, 'मेल फ्रॉम' आणि स्मिथचा पत्ता. समोरून '२५० ओके'. मग 'आरसीपीटी टू', जोन्स, '२५० ओके'. ग्रीन, '५५०, असा कोणी इथे नाही'. ब्राउन, '२५० ओके'. मग 'डेटा', समोरून '३५४', म्हणजे कर सुरुवात, आणि संपलं की एका ओळीवर नुसता एक टिंब दे. नमुन्यातल्या पत्राचा मजकूर आहे 'ब्ला ब्ला ब्ला'. मग टिंब, आणि शेवटचं '२५० ओके'. झालं पत्र. हे आकडे आजही तेच आहेत, आणि पत्र परत आलं की सोबतच्या इंग्रजी चऱ्हाटात ५५० हा आकडा आजही अनेकदा सापडतो.

या संभाषणात 'मेल फ्रॉम' पुढे जे सांगितलं जातं ते पाकिटावरचं नाव. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसणारं 'फ्रॉम' निराळं. ते 'डेटा' नंतर, पत्राच्या मजकुरात येतं. दोन्ही जुळलेच पाहिजेत असं कोणी म्हटलेलं नाही, आणि दोन्हींपैकी एकही खरं असलं पाहिजे याची तपासणी नाही. अर्थात या ढिलेपणाला कारण होतं. कार्यालयातली सचिव साहेबांच्या नावाने पत्र टाकते, एखाद्या गटाला आलेलं पत्र गटाचा संगणक सगळ्यांना पुढे धाडतो. पाकिटावरचं नाव आणि आतली सही वेगळी असण्याचे सरळ प्रसंग पुष्कळ असतात. नकोशी पत्रं येतील हे कोणाच्या ध्यानात नव्हतं असंही नाही. खुद्द पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये आरएफसी ७०६ लिहून, नको असलेल्या पाठवणाऱ्याला नाकारण्याची सोय नेटवर्कमध्ये नाही, असं दाखवून दिलं होतं. ते टिपण पानभरसुद्धा नाही. नको असलेल्या जाहिरातीची पहिली गाजलेली पत्रं, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना धाडलेली, त्यानंतर अडीच वर्षांनी, मे १९७८ मध्ये आली.

पुढची दुरुस्ती थरांनी झाली. एसपीएफने, म्हणजे २००६ च्या आरएफसीने, सांगितलं की एखाद्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा कोणत्या संगणकांना आहे, याची यादी डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन नावांच्या व्यवस्थेत, लावून ठेवावी. पण एसपीएफ बघतं पाकिटावरचं नाव. वाचणाऱ्याला जे दिसतं ते नाही. डीकेआयएमने २००७ मध्ये पत्रावर डोमेनची डिजिटल सही आणली. पण सही भलत्याच डोमेनची असली तरी डीकेआयएमची तक्रार नाही. डीमार्कने मग या दोन्हींची सांगड वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी घातली, आणि न जुळणाऱ्या पत्राचं काय करायचं हे सांगण्याचा हक्क डोमेनच्या मालकाला दिला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने तो हक्क बजावला: आमच्या नावाचं आणि न जुळणारं पत्र सरळ नाकारा. ठकांची पंचाईत झाली, पण त्यांच्याबरोबर जगभरच्या चर्चागटांचीही झाली, कारण गटाचा संगणक सभासदाचं पत्र त्याच्याच नावाने पुढे पाठवतो आणि विषयाच्या आधी गटाचं नाव चिकटवतो, की सही मोडलीच. कित्येक गटांनी पाठवणाऱ्याचा पत्ताच बदलून टाकण्याची पळवाट काढली, ती अजून वापरात आहे.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण तिच्यावर पुढे वाद घालायचा आहे. डीमार्कची मार्च २०१५ मधली आरएफसी 'प्रमाणक' या वर्गात निघालीच नव्हती. ती 'माहितीसाठी' या वर्गात निघाली. गुगलने जाहीर केलं, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० हून अधिक पत्रं पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लावलेच पाहिजेत. याहूनेही मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांवर तसाच नियम लावला. म्हणजे जे कागदोपत्री माहितीपुरतं होतं ते एका घोषणेने बंधनकारक झालं. परिणाम चांगला झाला, मी त्याबद्दल रडत नाही. पण गुणगुणून झालेल्या सहमतीचं दात नसलेलं प्रमाणक आणि टपालाचा मोठा वाटा हाती असलेल्या कंपनीची अट, यांतलं खरं प्रमाणक कोणतं, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर द्यायला मला तरी वेळ लागेल.

ईमेलच्या नियमांतली दुसरी खोल रुतलेली गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. मूळ प्रमाणकात पत्राचा मजकूर सात बिटांच्या आस्कीत असावा लागे: इंग्रजी अक्षरं, आकडे, थोडी चिन्हं. देवनागरी सोडाच, फ्रेंचमधलं टोपी घातलेलं अक्षरही त्यात बसत नव्हतं. जून १९९२ मध्ये नॅथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं प्रमाणक आणलं तेव्हा त्यांच्यापुढे पेच असा, की वाटेवरचे असंख्य संगणक बदलता येणार नाहीत. तेव्हा त्यांनी वाट तशीच ठेवली आणि सामानाला वेष घातला. चित्र असो, आवाज असो की मराठी, आधी त्याचं बेस-६४ मध्ये इंग्रजी अक्षरांत रूपांतर करायचं, मग सात बिटांच्या वाटेने पाठवायचं. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे माल एक तृतीयांशाने फुगतो. योगायोग असा की युनिकोडच्या युटीएफ-८ या रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांचं आहे. 'नमस्कार' या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हं. त्यांची होतात अठ्ठावीस इंग्रजी अक्षरं. मराठी विषय लिहिलेल्या पत्राचा कच्चा मजकूर उघडून पाहिला की त्यात 'चार-के-एस', 'चार-के-एस' असं पालुपद दर चौथ्या अक्षराला दिसतं, कारण देवनागरीच्या बहुतेक अक्षरांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पत्र बिघडलंय असं वाटतं. ते ठणठणीत असतं.

माइम आलं म्हणून मराठी लगेच आली असं झालं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण आपल्या संगणकांवर ती दिसत नव्हती. विंडोजने ती नीट दाखवायला २००० साल उजाडलं. मधल्या काळात ज्याचा त्याचा फॉन्ट होता. प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळासाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यायचा, आणि मित्राकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला आपल्या मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. प्रमाणक असणं आणि ते मुक्कामाला पोचणं यांत किती अंतर असतं हे मराठी माणसाला शिकवावं लागू नये.

पत्त्यांचं घोडं तर आणखी मागे राहिलं. डोमेन नावांची व्यवस्था आस्कीवरच चालते, म्हणून तिथेही वेषांतराचाच मार्ग निघाला. २०१४ मध्ये देवनागरीतलं '.भारत' सुरू झालं. पण डीएनएसला ते नाव 'एक्स-एन, दोन आडव्या रेघा, एच-२-बी-आर-जे-९-सी' असंच ठाऊक आहे. आता यात मराठीची एक खास अडचण बघा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्यातला पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे वेगळंच अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांनी ती अदृश्य चिन्हं सरसकट गाळून टाकली, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्यांचा समुद्र झाला. २०१० च्या सुधारणेत हलन्तानंतर ते चिन्ह चालेल, अशी सवलत मिळाली. पण दोन सारखी दिसणारी आणि निरनिराळी असणारी नावं म्हणजे ठकांना आमंत्रण, त्यामुळे सर्वांत वरच्या पातळीच्या नावांत ते चिन्ह आजही वर्ज्य आहे. भाषेचा आग्रह आणि सुरक्षेची भीती समोरासमोर आली की हे असे तोडगे निघतात, आणि ते कोणाच्याच मनासारखे नसतात. ईमेलच्या पत्त्यात @ च्या डावीकडेही देवनागरी चालावी, यासाठी २०१२ मध्ये प्रमाणक झालं. आधीच्या प्रायोगिक आवृत्तीत एक उपाय होता: वाटेतला संगणक जुना निघाला तर पर्यायी इंग्रजी पत्ता वापरायचा. गुंतागुंत पाहून तो काढून टाकला. आता वाटेतल्या एखाद्या जरी संगणकाला हे प्रमाणक येत नसेल तर पत्र परत येतं.

सुरक्षेची कथा विस्मरणाची आहे. १९७३ च्या डिसेंबरात बॉब मेटकाफ यांनी आरएफसी ६०२ मध्ये लिहून ठेवलं होतं की लोक अजून सहज ओळखू येणारे पासवर्ड ठेवतात, आणि एका संगणकाचा मुख्य पासवर्ड तर लॉस एंजेलिसच्या दोन शाळकरी मुलांनी मिळवला. तरी पंधरा-वीस वर्षांनंतरही कितीतरी आरएफसींच्या शेवटी एकच ओळ छापली जात होती: या टिपणात सुरक्षेच्या मुद्द्यांची चर्चा केलेली नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने हजारो संगणक आडवे केले तेव्हा त्याची एक वाट ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममधूनच होती. १९९३ पासून प्रत्येक आरएफसीत सुरक्षेचं कलम सक्तीचं झालं.

या भागातलं माझं आवडतं प्रकरण टीएलएस १.३ चं आहे. ब्राउझरमधल्या कुलपामागे हाच प्रोटोकॉल असतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो आला, पण त्याआधी प्रत्यक्ष चाचण्यांत असं दिसलं की वाटेवरची काही उपकरणं, कार्यालयांतले फायरवॉल वगैरे, '१.३' हा अनोळखी आकडा पाहताच जोडणी तोडत होती. नियमाप्रमाणे अनोळखी आकडा दिसला तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं. ती उपकरणं बदलणार कोण? शेवटी टीएलएस १.३ ने स्वतःला १.२ म्हणवून घेतलं. खरी आवृत्ती एका वेगळ्या रकान्यात सांगितली, आणि जुन्या संभाषणात असायचा तो एक संदेश, आता काही अर्थ उरला नसताना, निव्वळ सोंग म्हणून ठेवला. याच्याही पुढची गंमत २०२० ची: ब्राउझरने अधूनमधून मुद्दाम निरर्थक आकडे पाठवत राहावं, म्हणजे अनोळखी दिसलं की बिथरणारी यंत्रणा लगेच उघडी पडेल आणि दुरुस्त होईल, असं सांगणारी आरएफसी निघाली. पोस्टेल यांनी १९८० मध्ये सांगितलेलं सूत्र होतं, स्वतः पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर आता त्याच परंपरेतले लोक लिहितायत की या उदारपणानेच चुका पोसल्या, चूक दिसली की ती तिथल्या तिथे परतवा. मला ही नवी शिकवण पटते. मात्र उदारपणाशिवाय हे नेटवर्क वाढलंच नसतं, हेही तितकंच खरं.

सरकारं आणि गुप्तता यांवरचं प्रकरण छोटं आहे. १९९६ मध्ये आयईटीएफच्या धुरिणांनी कमकुवत एन्क्रिप्शनच्या आणि सरकारकडे किल्ल्या ठेवण्याच्या आग्रहाविरुद्ध निवेदन काढलं, आणि त्याला मुद्दाम १९८४ हा क्रमांक मिळेल असं पाहिलं. ऑर्वेलची कादंबरी वाचलेल्यांना सांगायला नको. स्नोडेन प्रकरणानंतर, मे २०१४ मध्ये, सर्वव्यापी टेहळणी हा एक तांत्रिक हल्ला मानून प्रोटोकॉल रचावेत, असा ठराव आरएफसी ७२५८ ने केला. त्यावरचे राजकीय वाद या पुस्तकात मी फार ताणलेले नाहीत.

काय सोडलं तेही सांगतो. वायफाय आयट्रिपलई या संस्थेकडे असतं, वेबपानांची भाषा आणखी वेगळ्या मंडळींकडे; ते इथे नाही. नेटवर्कांमधले मार्ग ठरवणारा बीजीपी ओझरता आला आहे, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. आज्ञा आणि आद्याक्षरं देवनागरीतच ठेवली आहेत. क्रमांक जागोजागी दिले आहेत, कारण क्रमांक शोधला की मूळ मजकूर कोणालाही फुकट मिळतो. मूळ वाचताना एक पथ्य पाळा. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीतलं अक्षरही पुढे बदलत नाहीत. चुका वेगळ्या यादीत टिपतात आणि सुधारणेसाठी नवा क्रमांक काढतात. त्यामुळे आधी पाहा, ही आरएफसी कोणत्या क्रमांकाने कालबाह्य ठरवली आहे. ८२१ च्या जागी २००१ मध्ये २८२१ आली आणि २००८ मध्ये ५३२१. या ५३२१ च्या सुरक्षेच्या कलमात, हे टपाल मुळातच असुरक्षित आहे आणि साधासुधा माणूसही यातून दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवू शकतो, असं स्पष्ट छापलेलं आहे.